कवायतीच्या चालीवर चहा

मांडीवर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, "सूर गेला!" बस चुकली, सूर गेला. सुपात मीठ कमी, सूर गेला. माझं तोंड बघून तर रोजच.

असले शेजारी तुम्हीही पाहिले असतील. हा हॉलंडात, हूफडॉर्पला आमच्या पलीकडच्या दारात राहायचा. मूळचा इथिओपियाचा, तरुणपणी तिथल्या पलटणीतला गवई. आपल्याकडे भाऊबंदकी कोर्टात जाते, त्यांच्याकडे बंदुकीवर गेलेली. देशाची गाणी म्हणून जवानांना हुशारी आणायची, हे याचं काम. दोघांचं डच सारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं.

म्हणायचा, "देशाच्या गाण्यानं जवान उभा राहतो. चालतो मात्र घरच्या गाण्यावर."

कोरोनाच्या पहिल्या साली आमची ही गेली. मी अंथरूण सोडेना. मुलगा-सून समजावून दमले. तेव्हा हा खिडकीखाली येऊन ओरडला, "बायको सकाळी काय म्हणायची?"

"काय म्हणणार? उठा, चहा गार होतोय!"

दुसऱ्या सकाळी कवायतीच्या चालीवर, थापांसकट, "उता! चा गार होतोय!" समोरच्या डच बाईनं पडदा सारला. सून लाजली. मी शिव्या द्यायला उठलो, तो उठलोच.

"उठा म्हण, गाढवा!"

"सूर बरोबर आहे ना?"

मग रोजच हे.

तेवढ्यात त्याच्या देशात पुन्हा पेटलं. दोन पुतणे, दोन बाजूंना. दोघांचेही निरोप आले, "काका, तुमचं लढाईचं गाणं भरून पाठवा. पोरं खचलीत." याचं गाणं बंद. थापासुद्धा बंद.

मी म्हटलं, "दे पाठवून."

"माझ्याच गाण्यावर एकमेकांच्या अंगावर जातील."

शेवटी बाकावर बसून फोनमध्ये गायला. काय, तर "उता! चा गार होतोय!" दोघांना तेच पाठवलं. त्यांनी अर्थ विचारला तर यानं सांगितलं, "हत्यार ठेव, घरी ये."

"अरे, ती असं नव्हती म्हणत!"

"मग दुसरं काय म्हणत होती?"



पुढच्या हिवाळ्यात कोरोनानं त्यालाही नेलं. पुतण्यांचा पत्ता लागलेला नव्हता. सकाळ मुकी झाली. मी मात्र उठत राहिलो.

लढाई थांबल्यावर बऱ्याच दिवसांनी दारात एक उंच, लंगडणारा पोरगा उभा. लायडनला, गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलीकडे येऊन राहिलेला. मी काही विचारायच्या आत त्यानं मांडीवर दोन थापा मारल्या. "उता! चा..." पुढे चाल चुकली.

"दुसरा कुठाय?"

"घरी. आता बायको उठवते त्याला."

मी म्हटलं, "सूर गेला!" आणि चहा टाकला.