माटोळी पाहायचा आरसा

आमचा आरसेमामा आभाळसुद्धा आरशात पाहायचा. आईचा हा सख्खा भाऊ, गोव्यातल्या पेडण्याचा. पाठीचे मणके एकमेकांना चिकटून मान छातीकडे वाकलेली. त्यामुळे वर बघायचं तर खिशातून मोटरसायकलचा जुना आरसा काढायचा आणि पोटाशी तिरपा धरायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "हस रे, हस. तुमचां आभाळ सगळ्यांचां, माजां खिशातलां."

तरुणपणी तो हरमलला पायलट होता, म्हणजे मोटरसायकलवरून गिऱ्हाइकं पोचवायचा. मान वळेनाशी झाली तेव्हा धंदा सुटला. गाडी विकली, आरसा तेवढा ठेवला. "खड्ड्यांनी खाल्लो माका," असं तो सांगायचा आणि आम्हीही माना डोलवायचो. म्हणून एकुलत्या एका लेकीला, नंदाला, त्याने स्कूटरवर कधी बसू दिलं नाही. कॉलेजला म्हापशाला बसने जायची, तीही पुढच्या सीटवर, धक्के कमी बसतात म्हणून. केवढं ते जपणं!

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची, तवशां म्हणजे काकड्यांची, नारळ-सुपारीची माटोळी बांधतात. तिथे मात्र मामाचंच राज्य. नंदा शिडीवर, मामा खाली आरसा धरून हुकूम सोडणार, "तवशां डावीकडे घे गो! देव काय तिरळो आसा?"

मग नंदाचीच पाठ धरू लागली. सकाळी अंथरुणातून उठता उठवेना. म्हापशाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, शरीराची राखण करणाऱ्या जनुकांपैकी एक या घराण्यात वेगळं आहे. ते असून कित्येकांना काहीच होत नाही, पण काहींच्या शरीरातले पहारेकरी आपल्याच सांध्यांवर उठतात. मामाला म्हणाले, तुमचंही दुखणं तेच.

"म्हणजे राखणदारच घर फोडता?" मामाने विचारलं.

"साधारण तसंच. पण औषधं आहेत."

परतताना बसस्टँडवर मामा माझ्याजवळ ढसाढसा रडला. "खड्डे चुकयता येतत रे. रगत कसां चुकवू? मीच दिलां तिका ह्यां."

"अरे, तू काय निवडून दिलंस?" मी ओरडलोच. ऐकेल तर मामा कसला!

इंजेक्शनं सुरू झाली, व्यायामही. मामा देव पाण्यात घालून बसला. रोज सकाळी नंदाच्या दाराशी कान. "दुखता गो?" "ना, बाबा." एवढ्या दोन शब्दांवर त्याचा दिवस जायचा.

चतुर्थीला ती शिडीवर चढली, दोन्ही हात वर केले.

"दुखता गो?"

"ना, बाबा."

मामाचा आरसा तेव्हा माटोळीवर नव्हता, तिच्या तोंडावर होता. ओठ दाताखाली धरलेला, डोळ्यांना धारा. मामाने आरसा खिशात घातला. "बरी झाली माटोळी," म्हणाला. माटोळी त्याने पाहिलीच नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेला. तिरडीवरही त्याचं डोकं टेकेना, खाली उशा द्याव्या लागल्या. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. कुणावर करायचा तेही कळेना.

यंदा शिडीवर मी होतो.

"नंदा, बघ गो, सरळ झाली काय?"

खाली पाहिलं तर ती माझ्या पायांकडे बघत उभी. मग आत गेली, मामाचा आरसा घेऊन आली आणि पोटाशी तिरपा धरला.

"सुपारी कलली आसा," ती म्हणाली.

मी सुपारी सरळ केली.