परीक्षा होऊ दे

"थांब, आधी आबांना सांगतो," हे माझ्या खोलीतल्या मित्राचं पालुपद. भात करपला तरी हा व्हिडिओ लावणार आणि गावाकडं, बेंबळीत बसलेल्या वडिलांना पातेल्याचा तळ दाखवणार. "बघा आबा, आज बी लागला!" तिकडून आबा खो खो हसायचे. अशी घराला चिकटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. परदेशात त्यांच्यासोबत एका खोलीत राहिलं की वैताग येतो आणि हेवाही वाटतो.

आम्ही दोघं इंग्लंडमध्ये एमएस्सी करत होतो. मी बेंबळीजवळच्याच तुळजापूरचा, म्हणून त्याच्या घरच्यांना मी आपल्यातला. त्याच भरवशावर एका सकाळी त्याच्या चुलत्यांनी मला फोन केला. आबा गेले होते. रानातच, छातीत कळ येऊन.

"त्याला सांगू नको बाळा. परीक्षा होऊ दे. तीन पेपर राहिलेत, पोरगं मोडून पडंल. तुला भवानीची आण हाय."

मी बरं म्हणालो. मोठ्या माणसांपुढं बरं म्हणायचीच आपल्याला सवय.

घरून व्हिडिओ बंद झाला. आईचं कपाळ दिसलं असतं ना! कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं. "आबा कुठं?" विचारलं की आई म्हणायची, "रानात गेलेत." फोन ठेवून हा मला सांगायचा, "या वयात आबा लई राबायलेत रे."

दहाव्याला तिकडं चुलतभावानं डोकं भादरलं. त्याच दिवशी हा नव्या फॅशनचे केस कापून आला. "कसा दिसायलोय?"

"झकास," मी म्हणालो.

दुसरा पेपर चांगला गेला म्हणून त्यानं शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला. नसता खाल्ला तर त्याला संशय आला असता, असं मी स्वतःला सांगत आलोय. शिरा चांगला झाला होता, हेही खरंच.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी चुलत्यांनी त्याला फोनवर सांगितलं. तो रडला नाही. माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे शिरा खाल्लास तवा ठाऊक होतं?"

"व्हय."

तो गावी गेला, परत आला, दुसऱ्या खोलीत राहायला गेला. उत्तम गुणांनी पास झाला. रस्त्यात भेटलो तर विजेच्या खांबाकडं बघावं तसं बघून पुढं जायचा. मला राग यायचा. मी काय माझ्यासाठी केलं होतं?

गेल्या दिवाळीत बेंबळीला त्याच्या घरी गेलो. आईनं चहा दिला. "तुझ्यामुळं परीक्षा झाली लेकरा, लई उपकार." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "तुला तरी फोन करतो का रं? आमाला दोन वर्षं झाली, एक न्हाय."

"करतो की काकू," मी म्हणालो. "लई कामात असतो म्हणाला."

त्यांचा चेहरा उजळला. तशाच दारात गेल्या आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "अगं, खुशाल हाय म्हणं माझं लेकरू!"