एकाला अंगावरचं, एकाला शेळीचं

ताराक्काला गोड बोलता येत नसे. बाळंतिणीच्या खोलीत येणारी प्रत्येक बाई दारातूनच "जुळं म्हंजे भाग्य गं" म्हणायची. ताराक्का आली, दोन्ही पोरांची पोटं चाचपून बघितली, मला एकदा वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाली, "भाग्य दोन तोंडांनी रडतंय. तू एकटी. बघू कसं जमतंय." सासूबाईंना ते रुचलं नाही. मला मात्र त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं म्हणून हुंदका आला.

निपाणीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तंबाखूची शेती, माणसांनी भरलेलं घर. मी लहान असतानाच आई गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. ताराक्का गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. पन्नाशीची, काटक, विधवा. घरात ती आणि एक शेळी.

न्हाणीत ती पाय लांब करून बसायची, पोराला नडग्यांवर पालथं घ्यायची आणि तेल जिरवता जिरवता त्याच्याशी कानडीत बोलायची. "अळबेड कूसा, अळबेड." रडू नको बाळा, रडू नको. आमच्याशी मात्र मराठीत. एकदा मी विचारलं, "पोरांशी कानडीच का गं, आक्का?" म्हणाली, "मराठीत मला शिव्याच लई येत्यात."

पहिले दोन महिने मला दिवस आणि वार कळले नाहीत. एक झोपला की दुसरा उठायचा. कुणाला पाजलं, कुणाचं राहिलं हेच आठवेना. एकदा थोरल्यालाच दोनदा पाजलं आणि धाकटा रडून रडून निळा पडला. ताराक्कानं थोरल्याच्या पायात काळा दोरा बांधला. दोघांना एकदम कसं घ्यायचं, काखेखाली उशी कशी द्यायची, ते शिकवलं. मी संकोचले तर म्हणाली, "लाजतीस कुनाला? त्यास्नी डोळं बी उघडाय येत न्हाईत नीट."

पाचव्या आठवड्यात एका दुपारी माझा हात धाकट्यावर उगारला गेला. तेवढ्यात ताराक्का दारात आली. तिनं पोर उचललं आणि म्हणाली, "नीज. म्या हाय." मी अशी झोपले की कुणी पुरलं असतं तरी कळलं नसतं. आमचं घर जैनांचं, दिवस मावळला की चूल बंद. तिनं मला हलवून जागं केलं, "ऊन हाय तवर चार घास खा, पोरी," आणि भाकरी कुस्करून समोर ठेवली. त्या दिवसापासून मी तिला मनातल्या मनात आई म्हणू लागले. तोंडानं कधी म्हटलं नाही, एवढंच बरं झालं.

मग मला ताप आला. चांगला पंधरा दिवस. ताराक्का आपल्या शेळीचं दूध आणू लागली आणि धाकट्याला बोंडल्यानं पाजू लागली. बोंडलं म्हणजे चोच असलेली ती लहानशी वाटी. "थोडं दीस," ती म्हणाली. "तुझ्या अंगात ताकद यीस्तोवर. एकाला अंगावरचं, एकाला शेळीचं."

ताप उतरला, पण धाकटा माझ्याकडे यायचा तो पोट भरूनच. "आत्ता पिलाय, कशाला उठवतीस?" ती म्हणायची. कधी तो तिच्या मांडीवर झोपलेला असायचा. एकदा मी त्याला हट्टानं छातीशी धरलं, तर त्यानं तोंड फिरवलं. मला रडू कोसळलं. ताराक्का म्हणाली, "पोटाला मिळालं म्हंजे झालं. त्याला काय म्हाईत कुनाचं." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तिसरा महिना सरत आला आणि बेळगावहून थोरले दीर आणि जाऊबाई आले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. जाऊबाईंनी दोघांना झबली आणली होती, पण मांडीवर घेतलं ते धाकट्यालाच. मला वाटलं, बोंडल्यावरचं पोर, सहज राहतं कुणाकडेही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तापामुळं तुझं बस्तीचं दर्शन राहिलंय. आज जाऊन ये. थोरल्याला घे. दोघं झेपायची न्हाईत तुला." मी गेले. मंदिरात मूर्तीसमोर थोरल्याला ठेवलं आणि घरी राहिलेल्यासाठीही हात जोडले. परत आले तर पाळणा रिकामा. न्हाणीच्या दोरीवरची त्याची दुपटीसुद्धा नव्हती. बेळगावच्या सर्व्हिस मोटारीची वेळ साधून दीर-जाऊबाई त्याला घेऊन गेले होते.

नवरा कट्ट्यावर बसला होता. "आण्णाच्या घरात सुखात राहील," तो म्हणाला. "परका न्हाय कुणी."

"मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाही."

"म्हणून."

त्याच्याकडून, सासूबाईंकडून मी काय अपेक्षा करणार? तीन वर्षं त्या घरात काढली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताराक्का नेहमीसारखी पदर खोचून न्हाणीत आली आणि एकाच पोराचं पाणी काढू लागली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आक्का, तुला कधीपासून माहीत होतं?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "बारशापास्नं. तुझ्या सासूनं सांगितलं, धाकल्याला हळूहळू अंगावरनं तोड."

"आणि तू तोडलास."

"न्हेनार ते न्हेनारच व्हते, पोरी. एकदम न्हेला असता तर पोर हाताला लागलं नसतं. त्याला जगवायचं म्हनून तोडला."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सोडला असतास व्हय?"

सगळ्यांचं उत्तर एकच होतं. मी तिला दारापर्यंत नेलं आणि कडी लावली. त्या दिवसापासून थोरल्याला मीच न्हाऊ घातलं.

ती पुन्हा आत आली नाही, पण यायची थांबलीही नाही. निपाणीच्या बाजाराला गेली की बेळगावकडच्या माणसांना गाठायची, आणि परतताना आमच्या मागच्या दाराशी उभी राहून, आत कुणी आहे की नाही हे न बघता बोलायची. "पालथा पडाय लागलाय." "खालचा दात आलाय." "मोटारीचा आवाज आला की हसतोय म्हनं." मी दाराच्या अलीकडे श्वास रोखून ऐकायची. उत्तर एकदाही दिलं नाही. घरातलं दुसरं कुणी त्याचं नावही माझ्यासमोर काढत नव्हतं.

उन्हाळ्यात ती वाकली. काठी टेकत यायची, दम लागायचा. एकदा तिची बातमी सांगून झाली, काठीचा आवाज वळला, आणि इतके महिने छातीत घेऊन बसलेला प्रश्न माझ्या तोंडून निघाला. दार बंदच होतं.

"आक्का, तो माझ्या अंगावर शेवटचं कधी प्याला?"

काठी पुन्हा दाराकडे वळली.

"बेळगावची मानसं आली, त्याच्या आदल्या दिशी," ती म्हणाली. "सकाळी तुझा डोळा लागलाता. म्याच लावला त्याला. आदी तोंड फिरवलं, मग आठवलं त्याला. पोटभर पिला."

"आणि मला उठवलं नाहीस?"

"तू उठली असतीस तर मला बोलावं लागलं असतं."

काठीचा आवाज लांब गेला. मी कडी काढली तेव्हा ती ओढ्याच्या अलीकडेच होती, सावकाश चालत. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी मारली नाही. पुढच्या बाजाराला ती आली नाही, आणि त्याच्या पुढच्या बाजाराआधीच वारली.