आईच्या येण्याची रूपं

क्रियापद हा मानवी मनाचा आरसा आहे, अशा वाक्यानं इंग्रजी आणि उझबेक क्रियापदांवरचा माझा निबंध सुरू होत होता. ते वाक्य मी कुठून उचललं होतं, हे आता आठवत नाही.

नव्वदच्या दशकात कोपरखैरण्याला आमच्या समोरच्या घरात एक उझबेक सून होती. नवरा ताश्कंदला शिकायला गेला आणि लग्न करून परतला. तेव्हा तुर्भ्याच्या एका कारखान्यात होता. सोव्हिएत देश मोडला आणि तिची विधवा आई तिकडं एकटी पडली. तिला इकडं आणायचं तर व्हिसाचे अर्ज इंग्रजीत हवेत. मी कॉलेजात भाषा शिकवायचो. ठरलं असं, की मी तिला इंग्रजी शिकवायचं आणि तिनं मला उझबेक क्रियापदं सांगायची.

रविवारी सकाळी मी कोरी कार्डं घेऊन बसायचो. क्रियापद मी निवडलं, 'येणे'. कर्ता तिनं निवडला, आई. इंग्रजीला 'आली नाही' म्हणायला तीन शब्द लागतात. उझबेक एकाच क्रियापदाच्या शेपटीला काळ आणि नकार चिकटवून मोकळी होते. शिवाय 'केल्दी' म्हणजे आली, डोळ्यांदेखत. 'केलिब्दी' म्हणजे आली म्हणे. आई आली नाही, येऊ शकली नाही, आली तर, सगळी कार्डं भरली. 'केल्दी'चं तेवढं तिनं कोरं ठेवलं.

"बघितल्याबिगर कसं लिवू, सर?" तिचं मराठी सासूकडून आलेलं, अस्सल सातारी.

"नुसतं उदाहरण आहे."

"मग दुसऱ्या कुनाची आई घ्या."

मेथी निवडत बसलेली सासू म्हणाली, "मास्तर, सा म्हयनं झालं, विहीणबाईंस्नी नुसतं बोलावताय. आणा की एकदा."

तीन अर्ज गेले. तिन्ही मी सजवलेले, एकेका वाक्यात चार-चार क्रियापदं. उत्तर दरवेळी दोन शब्दांचं, 'अंडर कन्सिडरेशन', म्हणजे विचाराधीन. यात क्रियापद कुठं आहे, असं तिनं विचारलं. सरकारी पत्रात ते शोधायचं नसतं, म्हणालो. चौथा अर्ज तिनं मला न दाखवता लिहिला: माझी आई एकटी आहे. तिला येऊ द्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं दार वाजवलं, कोरं राहिलेलं कार्ड मागून घेतलं आणि उंबऱ्यात उभ्याउभ्याच भरलं.

निबंध मी एका चर्चासत्रात वाचला. सभागृहात अध्यक्ष धरून सहाजण होते. चहा आल्याचं कळताच पाचजण उठले. तिची आई शेवटपर्यंत बसली. तिला इंग्रजी येत नव्हतं.