घडी न मोडलेली साडी

निवडणुकीच्या आधीचा रविवार. दुपारी साताऱ्यातल्या माझ्या घरी दोन जुने सहकारी आले होते. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून आमचा हा आवडता उद्योग: कोणत्यातरी पक्षाने काढलेला माहितीपट टीव्हीवर लावायचा आणि त्याची टर उडवायची.

त्या दिवशीच्या फिल्ममध्ये नेते संथ पावलांनी उसातून चालत होते, मागे शंख वाजत होता. एकच ट्रॅक्टर तीनदा गेला. "या साहेबांच्या आधी कृष्णा उलटी वाहत होती," मी म्हणालो. दोघे खदखदून हसले, तसा मला चेव आला.

मग एक बाई दिसली. हिरवी साडी, नव्या नळाखाली कळशी. "आता दारात पाणी आलं," ती म्हणाली.

"साडीची घडीसुद्धा मोडलेली नाही," मी म्हणालो. "शूटिंग संपलं की काढून घेतली असणार. नळाला मागून पाइप तरी आहे का बघा."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. स्वयंपाकाच्या मावशी पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"ती माझी धाकटी बहीण हाय, सर. साडी माझी हाय. तिच्याकडं बरी न्हवती, म्हणून मीच दिली."

मी रिमोटने टीव्हीचा आवाज कमी केला. मग विचारलं, "आणि पाणी?"

"येतंय की, दिवसाआड. आधी विहिरीवरनं आणायची."

"मावशी, मी त्या फिल्मबद्दल बोलत होतो."

"व्हय, कळलं की," म्हणून त्या आत गेल्या.

ती फिल्म निम्मी खोटी होती, हे मी आजही म्हणेन. पण पुराव्याशिवाय बोलू नका असं मुलांना जन्मभर शिकवलं आणि स्वतः एका बाईला साडीच्या घडीवरून खोटी ठरवलं. त्या दिवशी मावशींनी वाढलेली भाकरी खाली मान घालूनच खाल्ली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

पुढच्या महिन्यात मावशींना बहिणीकडे जायचं होतं. कोरेगावच्या पलीकडे गाव. मी गाडीने सोडतो म्हणालो. बहिणीने चहा केला, अंगणातला नळ दाखवला. पाण्याचा दिवस नव्हता, तरी तिने तोटी फिरवून दाखवली.

"सर, तुमी बघितलं व्हय मला टीव्हीवर? लय जाड दिसत हुते का?"

"नाही, छान दिसत होता. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं."

मावशी बशीत चहा ओतत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. बहिणीला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.