तीन नंबर गेटची नोंद

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव आणि भूत दोघंही आमच्या घरातून गेले. त्यामुळे असलं काही मी लिहीन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

२००७ च्या सुमारास मी अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीतल्या औषधांच्या गोदामात स्टॉक बघायचे. प्रत्येक खोक्यावर रेडिओ-टॅग असायचा. खोकं गेटमधून गेलं की रीडर तो आपोआप वाचायचा - एकेका खोक्याच्या तीस-चाळीस नोंदी! दिवसाला लाखभर ओळी. त्या गाळणं हे माझं काम. म्हणून तीन नंबर गेटचा रीडर बिघडला तेव्हा मी तो काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "एक दिवस नाही वाचलं तर काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की एका खोक्यात मोठ्यांचं कडक औषध आहे आणि बाटल्यांवर लहान मुलांचं लेबल. खोक्याचा नंबर होता, पण एक-दोन नंबर गेटांवर त्याची नोंद नव्हती. म्हणजे ते तीनमधून गेलं... आणि तिथून चार डीलरांचे ट्रक सुटले होते. चौघांनाही फोन केले. चौघंही म्हणाले, "बघितलं, आमच्याकडे नाही."

न गाळलेल्या फाइलमध्ये सहज नंबर टाकला. एक ओळ आली. फक्त एक. गेट तीन, काल १२:१७.

"काका, काल सव्वाबाराला तीन नंबरला कोणाचा ट्रक होता?"

वॉचमन मोरेकाकांनी वही उघडलीसुद्धा नाही. "उल्हासनगरचा. ड्रायव्हर तंबाखूवरनं भांडला माझ्याशी."

मी रिक्षा पकडली. उल्हासनगरला आमचे डीलर नानकभाईंच्या दुकानापुढे खेड्यांकडे जाणारा टेम्पो भरत होता.

"ताई, फोनवर बोललो ना, नाही म्हणून."

"तुम्ही स्वतः बघितलंत?"

"मुनीमने देखा."

"मग आता आपण दोघं बघू. खाली उतरवा सगळं."

"सगळं? ताई, जान लोगी क्या?"

मी पदर खोचला आणि टेम्पोत चढले. सातवं खोकं - तोच नंबर. नानकभाईंनी खोकं फोडून बाटलीवरचं लेबल वाचलं. "मेरा पोता भी यही सिरप पीता है," एवढंच म्हणाले.

सॉफ्टवेअरवाला पुण्याहून आला. दोन दिवस फाइल तपासली. "मॅडम, रीडर बंद असताना नोंद येऊच शकत नाही."

"मग ही काय आहे?"

त्याने चहा मागवला.

त्या दिवशी सव्वाबाराला तो रीडर झाकण उघडून, वायर काढून माझ्या डब्याशेजारी पडला होता. मी स्वतः तिथे बसले होते. ते खोकं कोणी वाचलं, मला आजही सांगता येत नाही.