ओहोटीच्या वाळूवरची हाक

आधीच सांगते, मी जतला मेडिकल चालवते. काउंटरवर रोज कुणीतरी येऊन हळूच सांगतं, "वैनी, पोरीला बाहेरचं झालंय." मी ताप किती आहे ते विचारते, गोळी देते आणि वर दोन शब्द सुनावते. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची... यातलं काही आमच्या दुकानाचा उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण गेल्या हिवाळ्यापासून हे मनात धरून बसलेय आणि आता धड झोप लागत नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माहेर माझं औंध आणि सासर जत तालुक्यातलं. म्हणजे दोन्हीकडे पाण्याची बोंब. सासर धनगराचं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते जन्मभर मेंढरांमागे चालले. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला जायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. बरोबर सासूबाई असायच्या, त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या वारल्या, मागोमाग मामांचा गुडघा गेला, मग कळप विकावा लागला. तेव्हापासून मामा काठी मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. विचारलं तर बोलायचे, नाहीतर नाही.

आमचे हे मिलिटरीतून रिटायर झाले. नोकरीत असताना त्यांचं अंदमानला पोस्टिंग होतं. रिटायर झाल्यापासून एकच घोकत होते — म्हाताऱ्याला एकदा समुद्र दाखवायचा. मी म्हटलं, "अहो, त्यांना भाकरीशिवाय जेवण जात नाही, तिथं काय मासे खातील?" तर म्हणाले, "भाकरी कडक करून घे, चटणी घे. बाकी माझ्यावर सोड." मग काय, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही तिघं विमानात बसलो.

मोठ्या बेटावरून बोटीने आम्ही आणखी एका लहान बेटावर गेलो. अख्ख्या बेटावर एकच रिसॉर्ट. नारळीच्या झावळ्यांची छपरं, आत एसी, आणि प्रत्येक खोलीला समुद्राकडे तोंड केलेला व्हरांडा. बेट इतकं लहान, की आमच्या गावचं गायरान त्यापेक्षा मोठं असेल. आमच्या व्हरांड्यासमोर पाण्यात एक झाडांनी गच्च भरलेला उंचवटा होता, बेटाचं पिल्लूच म्हणा ना. तिथे प्यायचं पाणी नाही, त्यामुळे कुणी राहत नाही, असं बोटवाल्याने येतानाच सांगितलं होतं.

पोचल्या पोचल्या मामा थेट किनाऱ्यावर जाऊन उकिडवे बसले. ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकले. "आरं, समदं खारट हाय की! मग एवढं कशाला ठिवलंय?" आम्ही पोट धरून हसलो. किती दिवसांनी तो माणूस असं काही बोलला होता. संध्याकाळी त्यांनी ह्यांना जवळ बसवून लाटांबद्दल काय काय विचारलं, आणि मला वाटलं, आलो ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली. हे उद्याच्या बोटीचं विचारायला जेट्टीवर गेले. मामा व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. मी आवराआवर करत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "पोरी, पाणी आटलं बघ."

बाहेर येऊन बघते तर खरंच! सकाळी व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत आलेला समुद्र पार मागे गेला होता. समोरच्या त्या उंचवट्यापर्यंत ओली वाळू पसरली होती, मधे कुठे कुठे डबकी. आमचा उन्हाळ्यातला ओढाच जणू. आता तुम्ही म्हणाल, बाई, तू शिकलेली ना? हो, शिकलेली. शाळेत भरती-ओहोटी मी घडाघडा पाठ म्हणायचे, चंद्राच्या आकृतीसकट. पण पाणी डोळ्यांसमोरून गेलं तेव्हा त्यातलं अक्षर आठवलं नाही. आमच्याकडे गेलेलं पाणी गेलेलंच असतं. परत यायचं तर पाऊस तरी पडावा लागतो, नाहीतर टँकर तरी यावा लागतो. आपलं आपण पाणी माघारी येतं, हे आमच्या अंगवळणीच पडलेलं नाही. "आटलं खरं," मी म्हटलं आणि कपडे पिळायला बाथरूममध्ये गेले.

बाहेर आले तर खुर्ची रिकामी. काठी खुर्चीलाच टेकवलेली. आणि मामा वाळूवरून निम्म्यापेक्षा जास्त पुढे गेलेले!

मला आधी हसू आलं. म्हटलं, म्हातारा मोकळं रान बघून पाघळला. मी काठी उचलली, पदर खोचला आणि मागे निघाले. "मामाऽ, आवं थांबा की! काठी विसरलीसा!" त्यांनी मागे पाहिलं नाही. मी आणखी मोठ्याने ओरडले. वारा माझ्या पाठीवर होता, आवाज त्यांच्यापर्यंत जायलाच हवा होता. पण ते वळेनात. उलट मधेच त्यांनी हात वर केला, आपण लांबून कुणाला 'आलो, आलो' म्हणून खूण करतो ना, तसा. पण तो माझ्याकडे नाही. समोर, त्या झाडांकडे.

मी पळायला लागले. आणखी एक लक्षात आलं. ओट्यावरून अंगणात उतरायला ज्यांना आधार लागतो, ते मामा काठीशिवाय जवळजवळ पळत होते. मी त्यांच्यापेक्षा कितीतरी तरणी, तरी आमच्यातलं अंतर कमी होईना.

मग पायांना पाणी लागलं. कोमट. मला वाटलं, डबकं असेल. चार पावलं टाकली तर घोट्याच्या वर. मागे वळून पाहिलं. रिसॉर्ट आणि मी, आमच्या मधे वाळू उरलीच नव्हती. आलो ती वाट मागच्या मागे बुजली होती, आवाज न करता. मला पोहता येत नाही. मामांनाही नाही. पुढे पाहिलं तर ते गुडघाभर पाण्यात शिरलेले, आणि तरीही पुढेच जाताहेत.

मी किंचाळायला लागले. मामा, मामा, मागं फिरा, पाणी आलं... घसा फाटेस्तोवर. माझा आवाज जणू त्यांच्या कानावर पडतच नव्हता. ते कमरेपर्यंत बुडाले. मला दिसत होतं, आता हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि मी ह्यांना काय तोंड दाखवू?

आणि मग मी काय केलं, ते मी ठरवून केलेलं नाही. प्रत्येक धनगराच्या घराची मेंढरं वळवायची आपली एक हाक असते. आत्यांची हाक अशी होती — आधी जिभेने लांब 'ट्रर्रर्र' आणि मग वर चढत जाणारं 'ह्योऽऽ, ह्योऽऽ'. रानात कुठेही विखुरलेला कळप ती हाक ऐकून वाघुरीकडे, म्हणजे जाळीच्या कुंपणाकडे, वळायचा. मी ती लग्नानंतर नुसती ऐकलेली. एकदा गंमत म्हणून काढून बघितली तर आत्याच पोट धरून हसल्या होत्या, "आगं, ह्या हाकंनं आपली मेंढरं लांडग्याकडं जात्याली!" ती हाक त्या पाण्यात माझ्या तोंडातून निघाली. लख्ख, एका दमात. मी पुन्हा दिली, पुन्हा दिली.

मामा थांबले. सावकाश मागे वळले. चेहरा झोपेतून उठवल्यासारखा. मला पाहिलं, पुन्हा मागे झाडांकडे पाहिलं, पुन्हा मला. मग पाणी कापत माझ्याकडे आले. मी त्यांचा हात असा धरला की त्यांच्या मनगटावर माझ्या नखांचे वळ उठले.

आता पुढचं. यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही.

किनाऱ्याकडे वळलो आणि दोन-तीन पावलांत माझ्या छातीपर्यंत पाणी आलं. पायाखालची वाळू सरकत होती. मी बुडाले असं मला वाटलं, आणि तेवढ्यात पाण्याखाली मला दोन्ही बाजूंनी काहीतरी लागलं. जाड, मऊ, ओलं, आणि आत ऊब असलेलं. मांडीला, पोटरीला, कमरेला. लोकर! मेंढरांच्या घरात नांदलेय मी, मला लोकर कळते. आणि त्याच क्षणी नाकात तो वास आला, भिजलेल्या कळपाचा. पाण्यावर काहीही दिसत नव्हतं. स्वच्छ ऊन होतं, पाणी काचेसारखं, माझी साडी खाली तरंगताना दिसत होती, आणि तिच्या आजूबाजूला काही नव्हतं. पण ती दाटी आम्हाला रेटत होती. ओढ्यातून मेंढरं पार करताना कळपाच्या मधे उभं राहिलं की आपण चालत नाही, कळपच आपल्याला नेतो. तसं आम्हाला नेलं. मी देवाचं नाव घेतलं की नाही, आठवत नाही. मी फक्त रडत होते आणि खाली बघायची हिंमत होत नव्हती.

गुडघाभर पाण्यात आलो तशी ती दाटी एकदम सुटली. समोरून बोटवाला आणि आमचे हे पाण्यातून धावत येत होते. ह्यांनी वडिलांना मिठीच मारली. बोटवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "दीदी, पानी चढ़ता है तो बीच में गहरा नाला बन जाता है. दो आदमी डूब जाए इतना. आप लोग चलके कैसे आए?"

मी साडीचा पदर पिळत होते. तर तो जवळच बांधलेल्या बोटीचा दोर सोडत म्हणाला, "आप बैठिए, मैं उसको ले आता हूँ."

"किसको?"

"उधर जो बुला रही थी. आपकी बहन है ना? आवाज़ एकदम आप जैसी है."

मी म्हटलं, आम्ही तिघंच आहोत. त्याला पटेना. बाई माणूस ओरडतंय म्हणजे सोडून कसं यायचं, म्हणून तो बोट घेऊन गेला, झाडांत फिरून आला. परत आला तो एकटाच. आमच्याशी मग तो फारसं बोललाच नाही.

मामा रात्रभर तापाने फणफणले. मीच गोळ्या दिल्या, मीच कपाळावर पट्ट्या ठेवल्या. सकाळी ताप उतरला. हे चहा आणायला गेले तसं मी विचारलं, "मामा, कुठं निघाला हुता तुमी? मी एवढी बोंबलतीया मागनं, ऐकू न्हाई आलं?"

मामा उठून बसले. मग म्हणाले, "मागनं? तू मागं कवा हुतीस? तू फुडं हुतीस. त्या झाडांतनं वरडत हुतीस, मामा, मी बुडाले, मला काढा. म्हणून तर पळालो."

"मी तर बाथरूममधी हुते, मामा."

"व्हय. ते आता कळतंय." त्यांनी वळ उठलेलं मनगट चोळलं. "मग मागनं तुझ्या आत्यानं हाक दिली. तिची हाक मी न्हाई टाळू शकत."

"ती मी दिली, मामा."

त्यांनी मान हलवली. "न्हाई पोरी. तुझी हाक मला ठाऊक हाय. ती तिचीच हुती."

त्याच दिवशी आम्ही ते बेट सोडलं. ह्यांना मी अर्धंच सांगितलं. ते म्हणतात, भरतीच्या पाण्यात घाबरलं की माणसाला काहीही भासतं. असेल. पण मग बोटवाल्याने काय ऐकलं? आणि त्या खोल पाण्यातून आम्हाला कोण घेऊन आलं?

एक मात्र रोज कळतं मला. गुडघा गेलेला तो म्हातारा माझ्या आवाजामागे समुद्रात शिरला होता, मला वाचवायला. आणि आता जेवायला वाढून मी आतून "मामाऽ" अशी हाक मारते, तेव्हा ते उठत नाहीत. मला दारापर्यंत यावं लागतं. ते माझं तोंड नीट बघतात, आणि मगच उठतात.